कुंडींतील ऊमे

जपान देश म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें चेरीचीं फुलें उभीं राहतात. चित्रांतून, पंख्यांवरून आणि प्रवासवर्णनांतून त्यांचा इतका बोलबाला झाला आहे कीं, त्या देशांत दुसरें एखादें फूल नांवाजण्यासारखें असेल अशी शंकाही आपणांस येत नाहीं. परंतु जपानी लोकांचा जुना जिव्हाळा शोधूं गेल्यास तो चेरीवर नसून 'ऊमे' नांवाच्या झाडावर होता असें दिसतें. इसवी सनाच्या आठव्या शतकांत संकलित झालेल्या 'मान्योशू' या त्यांच्या अत्यंत जुन्या काव्यसंग्रहांत सुमारें ४,५०० कविता आहेत. त्यांपैकीं ऊमेचा उल्लेख असलेल्या कविता सुमारें १२० भरतात, आणि चेरीच्या वांट्यास त्याच्या निम्म्याही येत नाहींत. याचें कारण एकदां ऋतु ध्यानांत घेतला म्हणजे सहज कळतें. जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे आपल्या माघाच्या सुमारास, भोंवतीं बर्फ असतां व फांदीवर पान एकही नसतां हें झाड फुलतें. पांच पाकळ्यांचीं, पांढरीं, गुलाबी किंवा तांबडीं फुलें काळ्या खरबरीत सालीवर देंठाशिवायच चिकटल्यासारखीं बसतात, आणि त्यांना सुगंध असतो. चेरीस सुगंध बहुधा नसतोच.

इंग्रजी ग्रंथकारांनीं या झाडास 'प्लम' म्हणण्याचा प्रघात पाडला, आणि आपणही तें नांव उसनें घेतों. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ऊमे हें गुलाबाच्या कुळांतील असून प्लमपेक्षां जर्दाळूस अधिक जवळचें आहे. आपल्याकडे सुक्यामेव्याच्या ताटांत येणारा जो जर्दाळू, त्याचा हा पूर्वेकडील चुलतभाऊच समजावा. झीबोल्ड या जर्मन वैद्यानें १८२३ ते १८२९ या काळांत जपानांत राहून तेथील वनस्पतींचा अभ्यास केला. त्यानें व त्याचा सहकारी झुकारिनी यानें या झाडास 'प्रूनस म्यूमे' असें नांव दिलें. 'म्यूमे' हा 'ऊमे' याच शब्दाचा जुना उच्चार, आणि त्याचें मूळ चिनी 'मेइ' या शब्दांत आहे असें मानतात. झाडही तसेंच चीनमधून आलें. शब्द आणि वस्तु हातांत हात घालून समुद्र ओलांडतात, याचें हें एक सुंदर उदाहरण होय.

इ. स. ७३० मध्यें क्यूशू बेटांतील दाझाइफु येथें तेथील अधिकारी ओतोमो नो ताबितो यानें ऊमेच्या फुलांखालीं एक मेजवानी दिली, व पाहुण्यांनीं त्या दिवशीं ३२ कविता रचल्या. त्या कवितांच्या प्रस्तावनेंतून दोन अक्षरें घेऊन २०१९ सालीं जपाननें आपल्या नव्या शकाचें नांव 'रेइवा' असें ठेविलें. एका फुलाच्या मेजवानीचें स्मरण राष्ट्रानें बाराशें नव्वद वर्षांनीं असें करावें, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकास तरी विसरतां येणार नाहीं.

त्याच दाझाइफुची दुसरी कथा विद्यार्थ्यांच्या आईबापांनीं ऐकण्यासारखी आहे. सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) हा पंडितांच्या घराण्यांत जन्मलेला मोठा विद्वान. केवळ विद्येच्या बळावर तो मंत्रिपदास चढला. परंतु प्रतिस्पर्ध्यांच्या चहाडीमुळें ९०१ सालीं त्याला राजधानींतून दाझाइफुस हद्दपार व्हावें लागलें. निघतांना त्यानें आपल्या अंगणांतील ऊमेचा निरोप घेतला, आणि धन्याचा विरह न साहून तें झाड एका रात्रींत आकाशमार्गें उडून त्याच्याकडे गेलें, अशी आख्यायिका आहे. दोन वर्षांनीं तो तेथेंच वारला. पुढें राजधानीवर संकटें आलीं, तीं त्याच्याच कोपामुळें असें लोकांनीं मानलें व त्याला देव केलें. आज तो 'तेन्जिन' या नांवानें विद्येचें दैवत म्हणून पूजिला जातो. दाझाइफुच्या देवळाभोंवतीं सुमारें ६,००० ऊमे आहेत आणि 'उडून आलेलें झाड' म्हणून एक गाभाऱ्याजवळ दाखवितात. परीक्षेच्या दिवसांत तेथें मुलांची जी रीघ लागते ती पाहून आपल्याकडील गणपतीच्या देवळाची आठवण व्हावी.

आतां हें झाड अंगणांतून कुंडींत कसें आलें तें पाहूं. 'बोन्साय' या शब्दांत 'बोन' म्हणजे पसरट पात्र आणि 'साय' म्हणजे लावणी. ही कलाही मूळची चीनची. ७०६ सालच्या एका तांग राजपुत्राच्या थडग्यांतील भिंतीवर, हातांत लहानशी वृक्षशिलांची परात घेऊन चाललेले सेवक चितारलेले आहेत. जपानांत तिला जें घरगुती रूप आलें तें 'हाची नो की', म्हणजे 'कुंडींतील झाडें', या नावाच्या नो नाटकांत फार हृद्य रीतीनें दिसतें. सानो गांवचा त्सुनेयो नांवाचा सरदार भाऊबंदकींत वतन गमावून दारिद्र्यांत पडलेला आहे. हिमवृष्टीच्या रात्रीं एक वाटसरू भिक्षु त्याच्या दारीं आसरा मागतो. पाहुण्यास ठेवून घेण्यासारखें घर नाहीं म्हणून तो प्रथम नाहीं म्हणतो. परंतु पत्नी म्हणते कीं, पूर्वजन्मीं आपल्या हातून पुण्य घडलें नाहीं म्हणून तर ही दशा आली, आतां तरी अतिथीस विन्मुख लावूं नये. त्सुनेयो बर्फांत धांवत जाऊन भिक्षूस परत आणतो. घरांत बाजरीसारख्या भरड धान्याखेरीज कांहीं नाहीं आणि सरपण तर मुळींच नाहीं. पूर्वीच्या ऐश्वर्यांतील पुष्कळ कुंड्यांपैकीं तीनच उरल्या आहेत: ऊमे, चेरी आणि देवदाराच्या जातीचें मात्सु. त्या तो एकामागून एक तोडून पाहुण्यासाठीं जाळतो, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती ऊमेवर. भिक्षु म्हणजे वेषांतर केलेला होजो तोकियोरी, त्या काळचा खरा राज्यकर्ता, असें पुढें उघड होतें. त्सुनेयोला त्याचें वतन परत मिळतें, आणि ज्यांच्या नांवांत ऊमे, साकुरा व मात्सु हे शब्द आहेत अशा तीन जहागिरी वर मिळतात. या बक्षिसापेक्षां मला त्या पत्नीचें बोलणें अधिक मोलाचें वाटतें. अतिथिधर्माचा हा विचार आपल्या घरांत कोणास समजावून सांगावा लागणार नाहीं.

परंतु कुंडींत झाड वाढविणें हें झाडावर प्रेम करणें कीं त्याचा छळ करणें, हा प्रश्न प्रत्येक सहृदय माणसाच्या मनांत येतो, आणि गंमत अशी कीं, तो प्रथम मोठ्यानें विचारणाऱ्यानें नेमकें याच झाडाचें उदाहरण घेतलें. चीनचा कवि व विचारवंत गोंग झिझेन (१७९२–१८४१) यानें १८३९ सालीं 'आजारी मेइंच्या घराची हकीकत' असा एक छोटा निबंध लिहिला. वांकडें खोड सुंदर, सरळ तें नीरस, असें रसिकांनीं ठरविल्यामुळें विक्रेते सरळ फांद्या छाटून व कोंवळे धुमारे दोरांनीं बांधून सारीं झाडें पंगू करून टाकतात, असा त्याचा आक्षेप होता. त्यानें ३०० कुंड्या विकत घेतल्या, तीन दिवस अश्रु ढाळले, मग कुंड्या फोडून, दोर सोडून झाडें जमिनींत लाविलीं आणि तीं पांच वर्षांत बरीं करण्याची प्रतिज्ञा केली, असें तो सांगतो. हें वर्णन झाडांचें असलें तरी त्याचा रोख माणसांवर आहे, हें सांगणें नकोच. परीक्षांच्या सांच्यांत घालून बुद्धिमान तरुणांना एकाच बांकाचे करणाऱ्या राज्यपद्धतीवर तो प्रहार होता. चाळीस वर्षें वर्गापुढें उभा राहिलेला माणूस तो निबंध वाचून स्वस्थ बसूं शकत नाहीं.

तथापि गोंगचा आक्षेप विक्रेत्यांच्या घाईवर लागू पडतो, तितका जाणत्या माळ्याच्या हातावर पडत नाहीं. ज्या झाडाचा छळ चालला आहे तें कुंडींत तीनशें-चारशें वर्षें जगत नाहीं आणि दरवर्षीं फुलतही नाहीं. ऊमेचें तर विशेष असें कीं, मोकळें सोडल्यास तें गचपणानें स्वतःच स्वतःचा कोंडमारा करतें. जपानी लोकांत म्हण आहे, तिचा आशय असा: चेरी छाटणारा मूर्ख, आणि ऊमे न छाटणाराही मूर्खच. चेरीचा घाव सडतो. ऊमे मात्र घावानंतर नवे धुमारे जोमानें टाकतें आणि फुलें त्या गतवर्षींच्या धुमाऱ्यांवरच येतात. तरीही, तारेनें जखडून सालींत वळ उमटेपर्यंत तशीच ठेवणारे हौशी लोक सर्वत्र आहेत, आणि त्यांनीं गोंगचा निबंध वाचावा असें मला वाटतें.

जोपासनेचें वर्ष फुलें ओसरूं लागलीं कीं सुरू होतें. कोमेजलेलीं फुलें हातानें खुडून टाकावींत. कुंडींतील झाडास फळें धरूं देणें म्हणजे दुभत्या गाईस उपाशी ठेवण्यासारखें आहे. मग गतवर्षींचे धुमारे दोन किंवा तीन डोळे राखून छाटावे. येथेंच नवशिका चुकतो. ऊमेचे डोळे दोन प्रकारचे: फुलाचा डोळा गोल व फुगीर, पानाचा डोळा बारीक व टोंकदार. फुलाच्या डोळ्यांतून फूलच येतें, पालवी येत नाहीं. ज्या आंखूड फांदीवर सगळे फुलाचेच डोळे राहिले आणि टोंकाचा पानाचा डोळा कात्रीनें गेला, ती फांदी शेवटचा बहर दाखवून वाळून जाते. म्हणून कात्री लावण्यापूर्वीं चष्मा पुसून टोंकदार डोळा कोठें आहे तें पाहावें, आणि त्याच्या किंचित् वर कापावें. जुन्या जून लांकडांतून ऊमे सहसा फुटत नाहीं. एकदां फांदी गेली कीं ती जागा बहुधा रिकामीच राहते, आणि ती भरावयाची झाल्यास कलम बांधावें लागतें. मोठ्या घावांस लेप लावावा, कारण ते लवकर भरून येत नाहींत.

कुंडी बदलण्याचा मुहूर्तही हाच, फुलें संपल्यावर व पालवी फुटण्याच्या आंत. मुळें फार जोमदार असल्यामुळें लहान झाडाची कुंडी दर एक-दोन वर्षांनीं बदलावी लागते, वृद्ध झाडाची थोड्या अधिक अंतरानें. जपानी माळी 'आकादामा' नांवाची तांबूस, ज्वालामुखीपासून झालेली दाणेदार माती नदीच्या भरड वाळूंत मिसळून वापरतात. पाणी झटकन् खालीं जावें आणि तरीही दाण्यांत ओल राहावी, हा हेतु. पालवी फुटली कीं तेलबियांच्या पेंडीचें खत थोडें थोडें द्यावें. कोंवळ्या पानांवर मावा हटकून येतो व पानें मुरडतात. खोडावर खवल्यासारखे कीटक बसतात. दोन्हींकडे रोज सकाळीं लक्ष पाहिजे.

आतां या विद्येंतील सर्वांत नाजूक भाग. पुढच्या वर्षींचीं फुलें जुलै-ऑगस्टमध्यें डोळ्यांच्या आंत घडूं लागतात. त्या वेळीं धुमारा वाढतच राहिला तर झाडाचें सारें बळ पानांत जातें आणि माघांत फुलांचा दुष्काळ पडतो. म्हणून जूनच्या सुमारास माळी पाणी आवरतें घेतो. पानें किंचित् मान टाकीपर्यंत वाट पाहावयाची आणि मगच पाणी घालावयाचें, खतही थांबवावयाचें. परंतु नेमका हाच त्यांच्या पावसाळ्याचा काळ; त्या पावसास ते 'ऊमेचा पाऊस' अशाच अक्षरांनीं लिहितात, कारण बागेंतील फळें त्या वेळीं पिकतात. तेव्हां कुंड्या वळचणीखालीं घ्याव्या लागतात. आपल्या संस्कृत कवींनीं अशोकास तरुणीच्या पदाघाताचें आणि बकुलास मद्याच्या गंडूषाचें दोहद सांगितलें. 'मालविकाग्निमित्रां'तील अशोकाचा प्रसंग वाचकांस आठवत असेलच. ऊमेचें दोहद तृष्णा हें आहे. मात्र ही तृष्णा मोजून द्यावयाची आहे. एक दिवस चुकला तर पानें करपून गळतात, आणि उन्हाळ्यांत पानें गळालेल्या झाडाच्या कळ्या नीट भरत नाहींत. म्हणूनच भर ऑगस्टमध्यें तिसऱ्या प्रहराच्या उन्हांतून कुंडी सांवलींत आणतात व पाणी पूर्ववत् करतात.

फांदीस वळण द्यावयाचें तें याच जूनमध्यें, धुमारा पुरता जून होण्याच्या आंत. पुढें लांकूड ठिसूळ होतें आणि जरा जोर केला कीं काडकन् मोडतें. पानें गळून गेलीं म्हणजे शरद् ऋतूच्या शेवटीं गोल डोळे मोजतां येतात आणि वर्षाच्या श्रमांचा हिशेब समोर येतो. थंडी या झाडास हवीच. केवळ कोरड्या वाऱ्यापासून व कुंडी आरपार गोठण्यापासून जपावें. कळ्या फुगूं लागल्यावर माती कोरडी पडूं देऊं नये. नव्या वर्षाच्या सणासाठीं लवकर येणाऱ्या 'तोजीबाइ', म्हणजे 'दक्षिणायनान्ताच्या ऊमे'च्या, कुंड्या उबेंत ठेवून डिसेंबरांतच फुलवितात. परंतु फुललेलें झाड उबदार खोलींत ठेवल्यास बहर चार दिवसांत आटोपतो. पाहुण्यांपुढें ठेवावें व रात्रीं थंड जागीं न्यावें.

जातींविषयीं फार लिहीत नाहीं. रानटी ऊमेच्या वंशांतील बारीक पानांच्या व लहान फुलांच्या जाती कुंडीस उत्तम. तांबड्या फुलांच्या वंशांत लांकूडही आंतून तांबडें असतें, हें विशेष. 'ओमोइ नो मामा', म्हणजे 'मनास येईल तसें', या नांवाची एक जात एकाच झाडावर पांढरीं व गुलाबी फुलें देते. बहुतेक जातींच्या काड्या लावून मुळें धरणें कठीण, म्हणून कोयीपासून वाढविलेल्या रोपावर कलम करतात. कच्चें फळ व कोय विषारी असल्यामुळें मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. मिठांत मुरवून उन्हांत वाळविलेल्या फळांचें 'उमेबोशी' मात्र जपानी घरांत आपल्या लिंबाच्या लोणच्याइतकें नित्याचें आहे.

कलमांवरून आठवलें. तोक्योच्या पश्चिमेस ओमे शहरांत योशिनो बाइगो म्हणून ऊमेचा एक प्रसिद्ध टापू आहे. २००९ सालीं तेथील झाडांवर 'प्लम पॉक्स' नांवाच्या विषाणूचा रोग आढळला. जपानांत तो प्रथमच दिसत होता. मावा आणि दूषित कलमें यांतून तो पसरतो; माणसास त्याचा उपद्रव नाहीं, परंतु रोगी झाडास औषधही नाहीं. त्या टापूंतून रोपें व कलमें बाहेर नेण्यास बंदी झाली. शेवटीं मे २०१४ मध्यें तेथील उद्यानांतील हजारांहून अधिक ऊमे मुळासकट तोडून टाकण्यांत आले. त्याच वर्षींचा मार्चमधील बहर पाहण्यास लोक आले ते निरोप घेण्यासाठींच. २०१६ पासून तेथें पुन्हां लावणी सुरू झाली आहे. ज्यांच्या घरासमोर आजोबांनीं लाविलेलें झाड होतें त्यांच्या दारांत आतां काठीला बांधलेलें रोप आहे. मित्राच्या बागेंतून खिशांत काडी घालून आणण्याची जी आपणां सर्वांची संवय, तिच्यासंबंधीं एवढ्यावरून काय तें समजावें.

हें झाड आपल्या घरीं होईल काय, असें कोणी विचारील. मुंबई-पुण्याच्या गच्चीवर होणार नाहीं. त्याला पानें गाळून झोपण्यापुरता खरा हिंवाळा हवा, आणि तो आपल्या मैदानांत नाहीं. नर्सरींतून महाग रोप आणून दोन उन्हाळ्यांत तें मारण्यापेक्षां वड, पिंपळ किंवा चिंच कुंडींत वाढवावी. तीं आपल्या हवेचीं लेंकरें आहेत व छाटणी आनंदानें सोसतात. मात्र एक गोष्ट कोणत्याही झाडास सारखीच. कुंडींतील झाडास उन्हाळ्यांत एक दिवसाचीही सुट्टी देतां येत नाहीं. लग्नकार्यासाठीं सारें घर गांवास निघालें तर पाणी घालणारा माणूस मागें राहिला पाहिजे. या दृष्टीनें एकत्र कुटुंब हें अशा झाडास फार सोयीचें. आजोबांचे डोळे मंदावले तर नातवाचे असतात, आणि झाडाचें आयुष्य तर दोघांहूनही मोठें.

आपल्याकडील पुष्कळ तरुण आज नोकरीनिमित्त जपानांत असतात, व त्यांचे आईबापही तेथें जाऊन येतात. त्यांनीं बिवा सरोवराच्या कांठीं असलेल्या नागाहामा शहरीं अवश्य जावें. तेथें स्थानकाजवळ केइउन्कान नांवाची इमारत आहे. सम्राट् मेइजी यांच्या विश्रामासाठीं ती १८८७ सालीं बांधली गेली. एका गृहस्थानें जन्मभर जोपासलेल्या ऊमेच्या कुंड्या नगरास दान दिल्या, आणि १९५२ पासून दर हिंवाळ्यांत तेथें त्यांचें प्रदर्शन भरतें. सुमारें ९० कुंड्या एका वेळीं मांडलेल्या असतात आणि जसजसा बहर सरेल तसतशा बदलतात. कांहीं झाडें माणसाहून उंच आहेत, आणि त्यांतील वृद्धांचें वय चारशें वर्षें सांगतात. त्यांचीं खोडें पाहण्यासारखीं असतात. गाभा पार गेलेला, खोडाची नुसती चिरफळी उभी, आणि त्या चिरफळीच्या एका कडेस बोटभर जिवंत साल. तिच्यांतूनच रस वर चढतो आणि टोंकास ताज्या पांढऱ्या फुलांची फांदी झुलते. दारें बंद असलेल्या त्या खोल्यांत सुगंध कोंडलेला असतो. प्रदर्शन जानेवारींत उघडतें आणि मार्चच्या पूर्वार्धांत मिटतें. तोंवर पाकळ्या चटयांवर गळूं लागलेल्या असतात, आणि मग माळ्यांच्या कात्र्या बाहेर निघतात.